दुष्काळाच्या सालातले पाणीदार सोने

मराठवाड्यात १९७२ हे साल दुष्काळाचे म्हणून ओळखले जाते. त्याच साली सांगली जिल्ह्यातल्या एका जखमी जवानाने जर्मनीत पोहण्याचा जागतिक विक्रम केला. मुरलीकांत पेटकर यांच्या त्या सदतीस सेकंदांची आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांची ही हकिगत.

मराठवाड्यात कोणत्याही घरी जुन्या गोष्टी निघाल्या, की ‘बहात्तर’ हा शब्द आल्याशिवाय राहत नाही. कोणाचे लग्न बहात्तरच्या आधीचे, कोणाचा जन्म बहात्तरच्या नंतरचा, कोणाच्या वडिलांनी बहात्तरात बैलजोडी विकली, असा हिशेब चालतो. पावसाने पाठ फिरवलेली, विहिरींनी तळ गाठलेला, शेतकरी बायामाणसे खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती वाहायला गेलेली. सुकडी आणि मिलो हे दोन शब्द त्या वेळी घरोघरी शिरले, ते जुन्या माणसांच्या बोलण्यातून अजून गेलेले नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेसारख्या गावाला तर पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. गावाला नाव नदीचे. पुढे ही नदी याच तालुक्यात गोदावरीला जाऊन मिळते. रेल्वेचे जंक्शन म्हणून पूर्णा साऱ्या मराठवाड्याला ठाऊक. पण गावाचे खरे दैवत नदीच. अशा दोन नद्यांच्या तालुक्यातही बहात्तरची आठवण कोरडीच निघते. १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्या नव्या विद्यापीठाच्या पहिल्याच पावसाळ्याने दगा दिला.

त्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, इकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसले असताना एक मराठी माणूस जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात पोहण्याच्या तलावात उतरला होता. मुरलीकांत राजाराम पेटकर हे त्याचे नाव. वय सत्तावीस. कमरेखाली पायांत शक्ती नाही, पाठीच्या कण्यात पाकिस्तानी विमानाने झाडलेली एक गोळी. त्याने पन्नास मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापले. सुवर्णपदक तर मिळालेच, शिवाय त्याच्या गटातला तो जागतिक विक्रम ठरला. ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, वैयक्तिक स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक.

अभिनव बिंद्राने बीजिंगला नेमबाजीत सोने मिळवले ते २००८ साली. ही दोन सालं शेजारी ठेवली, की पेटकरांच्या पदकाचे मोल ध्यानात येते. मधली छत्तीस वर्षे आपण ‘भारताला वैयक्तिक सुवर्ण कधी मिळणार?’ असा प्रश्न विचारत राहिलो आणि ज्याच्या घरी ते होते, तो माणूस पुण्यात नोकरी करत होता.

एकाच महिन्यात, एकाच देशात

१९७२ च्या जर्मनीचे नाव काढले, की क्रीडाप्रेमींना आठवते ते म्युनिक. तिथल्या ऑलिम्पिकला २६ ऑगस्टला सुरुवात झाली. अमेरिकेचा बावीस वर्षांचा मार्क स्पिट्झ सात शर्यतींत उतरला, सातही जिंकला आणि सातही शर्यतींत जागतिक विक्रमाची नोंद झाली. त्यांत तीन सांघिक शर्यती होत्या, चार त्याच्या एकट्याच्या. मिशा राखलेल्या स्पिट्झचे, गळ्यात सात पदके घातलेले छायाचित्र जगभर गेले. एकाच ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णांचा तो पराक्रम मोडायला २००८ साल आणि मायकेल फेल्प्स यावा लागला. फेल्प्सने बीजिंगला आठ सुवर्णपदके घेतली.

त्याच म्युनिकमध्ये चारशे मीटर मिश्र शैलीच्या शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी शतांश सेकंदापर्यंत बरोबरीत आले. अखेर यंत्रावरचा हजारावा भाग पाहून, दोन सहस्रांश सेकंदांच्या फरकाने, लार्सनला विजेता ठरवण्यात आले. एवढ्या सूक्ष्म फरकावर सुवर्ण देणे बरे नव्हे, असे नंतर ठरले आणि पोहण्याचे निकाल शतांशापर्यंतच धरू लागले. वेळ मोजण्याची इतकी काळजी घेणाऱ्या या जगाने पेटकरांचीही वेळ नीट मोजली, लिहून ठेवली. ३७.३३ हा आकडा आजही आहे तो त्यामुळेच. मोजण्यात कोणी कमी पडले नाही. लक्षात ठेवण्यात मात्र आपण कमी पडलो.

अपंगांची ही स्पर्धा खरे तर म्युनिकलाच व्हायची. पण ऑलिम्पिकसाठी उभारलेली खेळाडूंची वसाहत खेळ संपताच राहत्या घरांसाठी देण्याचे ठरलेले होते. चाकाच्या खुर्च्या घेऊन येणाऱ्या खेळाडूंना तिथे जागा नव्हती. मग हायडेलबर्गच्या विद्यापीठाने आपली दारे उघडली. २ ते ११ ऑगस्ट या काळात चाळीसहून अधिक देशांचे सुमारे हजार खेळाडू तिथे जमले. ऑलिम्पिकची जत्रा भरण्याआधी, थोड्या दूरच्या गावात, कमी गाजावाजात हे खेळ झाले. त्या वेळी ‘पॅरालिम्पिक’ हे नावही पुरते रूढ झालेले नव्हते.

पेठचा मुष्टियोद्धा

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठचे. जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा. हा सारा पट्टा कुस्तीचा. इथून जवळच असलेल्या कराडलगतच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा पेटकर सात वर्षांचे होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अशा मुलखातल्या मुलाला तालमीची ओढ लागली नसती तरच नवल. पेटकरही लहानपणी कुस्ती खेळले.

पुढे ते कोवळ्या वयातच लष्कराच्या मुलांच्या पलटणीत दाखल झाले आणि तिथून लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात कारागीर जवान म्हणून गेले. तिथे मुष्टियुद्धाचे हातमोजे हातात आले. १९६४ साली टोकियोला झालेल्या लष्करी क्रीडास्पर्धेत त्यांनी मुष्टियुद्धात पदक मिळवले. म्हणजे पुढे ज्या खांद्यांनी आणि दंडांनी हायडेलबर्गचे पाणी कापले, ते मुष्टियुद्धाच्या रिंगणात घडलेले होते. पोहणे हा त्यांचा खेळ नव्हताच.

त्यानंतर वर्षभरात १९६५ चे युद्ध सुरू झाले. सप्टेंबरात सियालकोट आघाडीच्या बाजूला त्यांचा तळ होता. पेटकरांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे, की हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याची शिट्टी झाली तेव्हा काही जवानांना ती चहाची शिट्टी वाटली. विमानांतून गोळ्यांचा वर्षाव झाला. पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या, ते खाली पडले आणि त्यांच्या अंगावरून आपल्याच बाजूचे एक वाहन गेले. ते दीर्घकाळ बेशुद्ध होते. शुद्धीवर आल्यावरही बरेच दिवस आठवण जागेवर नव्हती. मुंबईच्या नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात उपचार झाले. बाकीच्या गोळ्या निघाल्या, पाठीच्या कण्यातली एक तशीच राहिली. पायांतली ताकद गेली ती कायमची. लष्करातून ते १९६९ मध्ये निवृत्त झाले.

तालमीत आणि रिंगणात वाढलेल्या, विशीतल्या तरुणाला पाय गेल्याचे कळते, तेव्हा काय होत असेल याची कल्पना आपण घरबसल्या करू नये. इतकेच म्हणावे, की त्या काळी आपल्याकडे अशा माणसापुढे दोनच वाटा दिसत. घरातली खाट, नाहीतर दारातली खुर्ची. तिसरी वाट त्यांना पाण्याने दाखवली.

खाटेवरून पाण्यात

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाचे पहिले हाल होतात ते पडून राहण्याने. त्वचेला जाणीव नसल्याने एकाच कुशीवर पडून जखमा होतात, त्या चिघळतात. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत दगावत. ही समजूत मोडून काढली ती डॉ. लुडविग गुटमन यांनी. जर्मनीतल्या हिटलरशाहीमुळे परागंदा होऊन १९३९ साली इंग्लंडला आलेला हा ज्यू वैद्य. १९४४ मध्ये स्टोक मँडेविल इथल्या रुग्णालयात त्यांनी जखमी सैनिकांसाठी विभाग उघडला आणि औषधाच्या जोडीला खेळ दिला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिम्पिकचे उद्घाटन होत असतानाच, गुटमन यांनी आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा खेळाडूंची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्या सोळांतून वाढत १९६० मध्ये रोमला तेवीस देशांचे चारशे खेळाडू आले. आज त्यालाच आपण पहिले पॅरालिम्पिक म्हणतो. हायडेलबर्गला तर ही चळवळ गुटमन यांना सोडाव्या लागलेल्या देशातच पोहोचली.

पाणी अशा रुग्णाला का मानवते, हे समजायला अवघड नाही. छातीभर पाण्यात उभे राहिले, की शरीराचा बराचसा भार पाणी उचलून धरते. जमिनीवर जे अंग ओझे वाटते, ते पाण्यात हलके होते. कुशीवर वळण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागणारा माणूस पाण्यात स्वतः वळू शकतो. श्वास सुधारतो, खांदे आणि दंड भरतात. चाकाची खुर्ची ढकलायला, खाटेवरून खुर्चीत जायला पुढे आयुष्यभर तेच उपयोगी पडतात. म्हणून पेटकरांना पोहायला लावले ते उपचार म्हणून. खेळाडू वृत्ती गेलेली नव्हती. उपचाराचा सराव झाला आणि सरावाची शर्यत झाली.

पण इच्छा असून भागत नाही. परदेशी स्पर्धेला जायला पैसा लागतो. इथे पुढे आले विजय मर्चंट. आपल्याला ते ठाऊक आहेत ते थोर फलंदाज म्हणून आणि १९७१ मध्ये आपल्या निर्णायक मताने अजित वाडेकरांना भारताचा कर्णधार करणारे निवड समितीचे अध्यक्ष म्हणून. अपंगांसाठीही त्यांनी मोठे काम केले. त्यांच्या संस्थेने पेटकरांच्या प्रवासाला हात दिला. नोव्हेंबर १९६८ मध्ये तेल अवीवला भारताचे खेळाडू प्रथमच या खेळांत उतरले. पेटकर तिथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. १९७० मध्ये एडिंबरोला राष्ट्रकुलातील अपंगांच्या स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर मुक्त शैलीत सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवले. हायडेलबर्गचे सोने अवचित हाती लागलेले नव्हते. दोन वर्षे आधी त्याची चाहूल लागली होती.

‘पाय मार!’

पेटकरांनी काय केले, हे समजण्यासाठी हायडेलबर्गला जायची गरज नाही. पूर्णेच्या काठी किंवा शिवारातल्या एखाद्या विहिरीवर उन्हाळ्यात पोरांना पोहायला शिकवताना ज्याने पाहिले आहे, त्याला ते लगेच कळेल. कमरेला दोर किंवा पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून पोराला पाण्यात सोडतात. पोरगे हात मारते; पण पाय खाली जातात, अंग उभे होते आणि ते जागच्या जागी धडपडते. काठावरून काका नाहीतर मामा ओरडत असतात, ‘पाय मार! पाय मार!’ आपल्याकडच्या पोहण्याच्या शिकवणीचे हे आद्य सूत्र. पाय हलले की कंबर वर येते, अंग पाण्यावर आडवे होते आणि मग हातांच्या वल्ह्यांना अर्थ येतो.

मुक्त शैलीत पुढे ढकलण्याचे बरेचसे काम हात करतात, हे खरे. पण पायांची फडफड शरीराला आडवे आणि सरळ ठेवते. पाय बुडाले की अंगाचा जास्त भाग समोरच्या पाण्याला अडतो आणि वेग जातो. ज्याचे पाय हलतच नाहीत, त्याला हे बुडणारे ओझे मागे ओढत न्यावे लागते. उडी मारून मिळणारा सुरुवातीचा रेटाही त्याला नसतो. तोल सांभाळायचा तो मानेने, खांद्यांनी आणि हाताच्या प्रत्येक फेकीने. पेटकरांना ‘पाय मार’ म्हणून ओरडायला काठावर कोणी असते, तरी उपयोग नव्हता.

आता आकडे पाहू. पन्नास मीटरला ३७.३३ सेकंद म्हणजे सेकंदाला १.३४ मीटर, ताशी जवळजवळ ४.८ किलोमीटर. झपझप चालणाऱ्या माणसाचा हा वेग. जमिनीवर एक पाऊल टाकू न शकणारा माणूस पाण्यात चालत्या माणसाच्या वेगाने गेला. आणि स्पिट्झ? म्युनिकला त्याने शंभर मीटर ५१.२२ सेकंदांत पार केले, म्हणजे सेकंदाला १.९५ मीटर. दोन्ही शर्यतींचे अंतर वेगळे, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पन्नास मीटरची शर्यत तर ऑलिम्पिकमध्ये आली ती १९८८ साली. तरीही ढोबळ हिशेब सांगतो, की पायांची मदत नसताना पेटकरांनी जगातल्या सर्वांत वेगवान जलतरणपटूच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त वेग गाठला होता.

अशा स्पर्धेत इजेच्या प्रमाणानुसार गट पाडलेले असतात. मज्जारज्जूला इजा कोणत्या उंचीवर झाली यावर शरीराचा किती भाग काम करतो हे ठरते. म्हणून सारख्या अडचणीचे खेळाडू एकमेकांशी झुंजतात. पेटकरांचा विक्रम हा त्यांच्या गटातला विक्रम होता. ‘गटातला’ म्हटले की आपल्याकडे काही जणांचे तोंड वाकडे होते. पण मुष्टियुद्धात, कुस्तीत वजनाचे गट असतात, तेव्हा सत्तावन्न किलोच्या विजेत्याला आपण अर्धा विजेता म्हणत नाही. खाशाबाही आपल्या वजनी गटातच लढले होते.

हायडेलबर्गला पेटकर एवढ्यावर थांबले नाहीत. भालाफेक, नेमकी भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत या तिन्ही प्रकारांतही त्यांनी अंतिम फेरी गाठली. त्या वर्षी म्युनिकला भारताच्या हॉकी संघाने कांस्यपदक आणले. त्या ऑगस्टमध्ये जर्मनीतून भारतात सोने आणणारे पेटकर एकटेच.

विक्रमानंतरची वर्षे

पेटकर परतले आणि पुण्याला टेल्कोत नोकरी करू लागले. राज्य सरकारने १९७५ मध्ये त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने समाधानाची बाब. पुढे मात्र सारे थंडावले. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेली मागणी मान्य झाली नाही. जागतिक विक्रम करणाऱ्या माणसाला आपण जागतिक विक्रम केल्याचे कागदपत्रांनिशी पटवून द्यावे लागावे, यातच सारे आले. त्यांनी मग त्या वाटेला जाणे सोडून दिले. नोकरी केली, संसार केला.

मधल्या काळात जग बदलले. १९७६ पासून या खेळांत अंध आणि हातपाय गमावलेले खेळाडूही आले. १९८८ च्या सोलपासून ऑलिम्पिकच्याच शहरात, त्याच मैदानांवर पॅरालिम्पिक होऊ लागले. भारताला पॅरालिम्पिकमधले दुसरे सुवर्ण मिळाले ते २००४ साली, अथेन्सला देवेंद्र झाझरियाच्या भाल्याने. म्हणजे बत्तीस वर्षांनी. पेटकरांना पद्मश्री जाहीर झाली जानेवारी २०१८ मध्ये. त्यांच्या जीवनावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट १४ जून २०२४ रोजी पडद्यावर आला आणि ज्या घरांत हे नाव कधी ऐकलेले नव्हते, तिथली मुले ते घेऊ लागली. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला, जीवनगौरव म्हणून. तेव्हा त्यांच्या वयाला ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. बेचाळीस वर्षांपूर्वी नाकारलेला पुरस्कार त्यांनी हसतमुखाने स्वीकारला.

उशिरा का होईना, न्याय झाला, असे म्हणून आपण हा विषय मिटवू शकतो. पण त्या उशिराची किंमत पेटकरांनी एकट्याने मोजली नाही. १९७२ मध्ये पाच-सात वर्षांची असलेली, पोलिओने पाय गेलेली किती मुले तेव्हा महाराष्ट्रात होती! बहात्तरच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरी कोणी म्हणाले असते, ‘हे बघ, याचेही पाय चालत नाहीत, आणि हा जगात पहिला आला’, तर त्यांतल्या काहींना तरी कोणी पाण्यात नेले असते, मैदानावर नेले असते. ती मुले आता पंचावन्न-साठीची झाली. त्यांचे ते वय परत येणार नाही.

याचा पडताळा पोहण्याच्याच हिशेबात मिळतो. २०२४ च्या पॅरिसपर्यंत पॅरालिम्पिकच्या जलतरणात भारताच्या नावावर एकच पदक आहे, ते पेटकरांचे. ऑलिम्पिकच्या जलतरणात तर एकही नाही. म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, दोन्ही स्पर्धा मिळून, भारताचे पोहण्यातले एकमेव पदक हे मणक्यात गोळी असलेल्या एका मराठी जवानाचे आहे.

प्रयत्न झाले नाहीत, असे नव्हे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला पोहला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई खेळांत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांची वेळ देऊन त्याने कांस्य घेतले. १९८६ मध्ये खजान सिंगने मिळवलेल्या रौप्यानंतर आशियाई जलतरणातले भारताचे ते पहिलेच पदक. करमाळा तालुक्याच्या सुयश जाधवने विजेच्या अपघातात दोन्ही हात कोपराखाली गमावले आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा खेळांत बटरफ्लायमध्ये सुवर्ण मिळवले. नागपूरच्या, दृष्टी नसलेल्या कांचनमाला पांडेने २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत मिश्र शैलीचे सुवर्ण जिंकले. पेटकरांच्या सांगली जिल्ह्यातल्याच सचिन खिलारीने पॅरिसला गोळाफेकीत रौप्य घेतले. आणि पूर्णेला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव? चाकाच्या खुर्चीवरून गोळा फेकणारी ही मुखेड तालुक्यातली लेक. २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिलच्या बरोबरीने देशाचा झेंडा तिच्या हाती होता. त्या पॅरिसमध्ये भारताने एकूण २९ पदके मिळवली. मराठवाड्याच्या मातीत हे नाही, असे आता कोणी म्हणू नये.

पाण्यापर्यंत जाण्याची वाट

पेटकरांची गोष्ट सांगताना जिद्द, जिद्द आणि जिद्द असे म्हणून थांबायची आपल्याला सवय आहे. जिद्द होतीच. पण तिच्याबरोबर काय काय होते, तेही पाहावे. पाण्यात उतरवणारे रुग्णालय होते. तिकिटाची सोय करणारा मर्चंटांसारखा माणूस होता. इजेनुसार गट पाडून बरोबरीची शर्यत ठेवणारी व्यवस्था होती. सेकंदाचा शतांश मोजणारे घड्याळ होते. परत आल्यावर पगार देणारी नोकरी होती. यातली एक गोष्ट जरी नसती, तरी तेवढ्याच जिद्दीचा हा माणूस पेठमधल्या एखाद्या ओट्यावर बसून राहिला असता आणि आपण त्याला ‘बिचारा’ म्हणून पुढे गेलो असतो.

म्हणून हा विषय पूर्णेसारख्या गावी, रविवारी सकाळी चहाच्या वेळी बोलण्याचा आहे. आपल्या तालुक्याच्या गावांत पोहण्याचा तलाव ही अपवादाची गोष्ट. मुले शिकतात ती नदीत आणि विहिरीत. त्यांतली काही दर उन्हाळ्यात बुडतात आणि दुसऱ्या दिवशी आपण त्याची बातमी वाचतो. धडधाकट मुलांचीच ही तऱ्हा, तर ज्याचा एक पाय बारीक आहे, ज्याला कुबड्या लागतात, त्या मुलाला विहिरीच्या पायऱ्या कोण उतरवून नेणार? ‘तुला नाही जमायचे’ हे वाक्य तो घरातूनच ऐकतो, तेही मायेने. जिल्ह्याच्या ठिकाणी जिथे तलाव आहेत, तिथे चाकाची खुर्ची काठापर्यंत नेणारा उतार आहे का, पाण्यात उतरायला धरण्याचा कठडा आहे का, आठवड्यातून दोन तास तरी या मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यासाठी राखलेले आहेत का, हे प्रश्न मोठ्या खर्चाचे नाहीत. ते विचारणारे पालक मात्र हवेत. नगरपालिकेत रस्त्यासाठी आणि नळासाठी आपण अर्ज देतोच. त्यांत हा एक घालावा.

घरात असे मूल असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि मग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली त्याला कंबरभर पाण्यात उतरवावे. जागतिक विक्रमाची अपेक्षा ठेवू नये; पदके सगळ्यांना मिळत नाहीत. पण जमिनीवर ज्याला सतत कोणीतरी धरून ठेवलेले असते, ते मूल पाण्यात पहिल्यांदा हात सोडून तरंगते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते आईबापांनी स्वतः काठावर उभे राहून पाहावे.